भावकीत सोयरीक नको

नाना इंगवल्यांनी माझं लग्न दोनदा जमवलं. एकदा सुनीताशी आणि एकदा भुताशी.

सुनीता मुरगूडची. तिचं स्थळ आलं तेव्हा मी तिशीच्या आत होतो आणि आपण कुठल्याही मुलीच्या आयुष्याचं नुकसानच करू, असं मला मनापासून वाटत होतं. भुताचं स्थळ आलं तेव्हा मी पन्नाशीला टेकलो होतो आणि आपण आपल्या जुन्या पुस्तकांशी बेइमानी करतोय असं वाटत होतं. दोन्ही वेळा नानांनी एकच वाक्य ऐकवलं, "तुला काय वाटतंय ते कुणी इचारलंय लेका? बस पाटावर."

माझा स्वभाव आधीच सांगून टाकतो. मी हायस्कुलात भूगोल शिकवतो आणि उरलेला वेळ अपराधी वाटून घेण्यात घालवतो. वर्गात पोरांना नदी समजली नाही तर मला नदीची माफी मागावीशी वाटते. सुनीता पाहुण्यांना सांगते, "ह्यांना रिक्षानं धक्का दिला तरी हे आधी रिक्षाचा आरसा बघतात." त्यामुळे माझ्या कपाटात एकाच जातीची पुस्तकं होती. पहाटे उठावं कसं, राग गिळावा कसा, मन स्वच्छ ठेवावं कसं. ती वाचूनही मी सुधारलो नाही, याचंही मला वाईट वाटायचं.

आता नाना. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतले मध्यस्थ, म्हणजे लग्नं जमवणारे. बारीक चण, डोक्यावर टोपी, अंगात जाकीट आणि हातात बारा महिने छत्री. दारावरची बेल ते वाजवत नसत. "बेल कोण बी वाजवतंय," म्हणत छत्रीच्या मुठीनं दार ठोकत. आवाज असा की आमच्या उंबऱ्यात बोलले तर कोपऱ्यावरचा पानवाला उत्तर देई. स्वतः बिनलग्नाचे. कुणी खोदून विचारलंच तर म्हणत, "न्हावी आपली आपण हजामत करतोय व्हय?"

जमवलेल्या प्रत्येक लग्नाची पत्रिका नानांनी जपून ठेवली होती. ट्रंका भरल्या होत्या. आमच्याकडच्या पत्रिका म्हणजे अख्खी भावकी. पणजोबांपासून पाळण्यातल्या पोरापर्यंत सगळ्यांची नावं, आणि खाली "आमच्या आत्याच्या लग्नाला यायचं हं" म्हणणारी, अजून बोलता न येणारी मंडळी. मी एकदा विचारलं, "नाना, ह्यात तुमचं नाव कुठं असतं?"

"मध्यस्थाचं नाव पत्रिकेत नसतंय मास्तर. भांडणात असतंय."

खरं होतं ते. लग्नानंतर आमटीत मीठ जास्त पडलं तरी लोक म्हणत, बोलवा त्या इंगवल्याला! आणि नाना जात. इकडे नवऱ्याला शिव्या, तिकडे बायकोला उपदेश, दोन्हीकडे चहा. भांडण मिटायचं, कारण नाना इतके मोठ्यानं बोलत की नवरा-बायकोला आपला मुद्दाच आठवत नसे.

मग मोबाइल आले. पोरं-पोरी अंगठ्यानं स्थळं सरकवायला लागली. एकदा नाना कागलला एका मुलीसाठी स्थळ घेऊन गेले, तर तिथं मांडव घातलेला होता. मुलीच्या वडिलांनी जाळीच्या दारातूनच सांगितलं, "नाना, आता आम्ही ऑनलाइन बघतोय." जाळी काही उघडली नाही. ही गोष्ट सांगताना नाना ऑनलाइनला शिव्या देत नसत, जाळीला देत. "माणूस दारात आल्यावर कडी काढायची असती की न्हाय?" त्यांच्या पोटापाण्याची चिंता नव्हती, गावाकडं थोडा ऊस होता. चिंता दारांची होती. ज्या माणसाचा जन्म लोकांच्या सोप्यात, म्हणजे बाहेरच्या बैठकीत, बसून गेला, त्याच्यासाठी एकेक दार लागत चाललं होतं.

पुस्तकांचं खूळ त्यातून निघालं. लग्नाच्या बोलण्यांत मध्यस्थाला फार वाट बघावी लागते. आत बायकांचं कुजबुजणं चाललेलं असतं, बाहेर हा एकटा. अशा वेळी नाना घरात जे पुस्तक असेल ते वाचत. त्यातून त्यांच्या ध्यानात आलं की प्रत्येक घरात एकाच कुळीची पुस्तकं असतात. ह्या घरात सगळे किल्ले, त्या घरात सगळे संत, पलीकडे सगळे खून.

"एकाच भावकीत सोयरीक चाललीया," नानांनी आमच्या सोप्यात जाहीर केलं. "म्हणून रक्त पातळ झालंय तुमचं. भाऊबंदात लग्न करतोय का आपण? देवक जुळलं तर मोडतोय का न्हाय? मग पुस्तकात का चालतंय?"

आणि त्यांनी घरोघरची पुस्तकं उचलून परक्या घरी द्यायला सुरुवात केली.

पद्धत सगळी लग्नाची. पुस्तकाला म्हणायचं स्थळ. प्रत्येक पुस्तकाला जुन्या लग्नपत्रिकांचं जाड कव्हर, कारण "तोंड बघून सोयरीक करायची न्हाय." जाड पुस्तक असलं तर "उंचीला बरं हाय." छपाई खराब असली तर "घरची गरिबी हाय, पण संस्कार चांगलं." आत कुणाचं नाव खोडलेलं असलं तर हळूच, म्हणजे पानवाल्यालाच ऐकू जाईल इतक्या हळू, "आधी एक सोयरीक मोडलीया. लपवून ठेवणार न्हाय मी." रविवारी सकाळी बघण्याचा कार्यक्रम. मग काही दिवस पुस्तकानं त्या घरात नांदायचं. आणि पुढच्या रविवारी पसंती घ्यायला नाना स्वतः येणार. फोनवर पसंती घेत नसत. "सोयरीक आणि रस्सा, वाईच मुरू द्यावं लागतंय. मुरलंय का न्हाय ते तोंड बघून कळतंय."

माझा कार्यक्रम मला नीट आठवतो. सुनीतानं पोहे केले होते. नानांनी पाटावर रुमाल अंथरून त्यावर पुस्तक ठेवलं आणि मला समोर बसवलं. कव्हर ओळखीचं वाटलं म्हणून वाकून बघितलं, तर ती माझ्याच लग्नाची पत्रिका होती.

"काय इचारायचं असंल ते इचारा पावणं," नाना म्हणाले.

पुस्तकाला काय विचारणार? पण गप्प बसणंही मला बरं दिसेना. मी म्हणालो, "प्रवास नीट झाला का?"

सुनीता पोह्यांची ताटली तशीच ठेवून आत पळाली. तिचं हसणं मागच्या दारातून ऐकू येत होतं.

कव्हरच्या आत भुताची कादंबरी होती. मी घाबरून म्हणालो, "नाना, मला हे झेपणार नाही."

"जित्त्या माणसांना भिऊन भिऊन वाळलायस तू. एकदा मेलेल्याला भी. फरक कळंल."

ती कादंबरी मी भर दुपारी, उन्हात खुर्ची टाकून, सुनीताला स्वयंपाकघरात भांडी वाजवत राहायला सांगून वाचली. विहिरीतल्या त्या भुताला मी जाम भ्यायलो. आणि वाचता वाचता माझ्या ध्यानात आलं की तासभर झाला, मला कुणाचीही माफी मागावीशी वाटलेली नाही.

आमच्याबरोबरच नानांनी दोन घरं धरली होती. एक युनूसभाईंचं. युनूसभाईंचं गाद्यांचं दुकान. कापसाच्या ढिगात बसून ते फक्त खुनाच्या गोष्टी वाचत. नानांनी त्यांच्या गळ्यात कवितासंग्रह बांधला. आठवडाभरानं युनूसभाई तावातावानं आमच्याकडे आले, कारण त्या रविवारी नाना आमच्या सोप्यात होते.

"नाना, फसवलं तुमी. सगळं वाचलो, खुनी घावलाच न्हाय! पयल्या कवितेत बाई खिडकीत हुबी हाय. शेवटच्या कवितेत खिडकी हाय, बाई न्हाय. मधी काय झालं ते कवी दाबून ठेवतोय."

"मग शोध की. तुजं कामच हाय ते."

युनूसभाईंनी पुस्तक परत नेलं. गिऱ्हाइकाला गादीचं माप घेताना ते विचारायला लागले, तुमाला काय वाटतंय, बाई कुठं गेली असंल? पुढच्या खेपेला आले ते आवाज उतरवून. "नाना, खून न्हाय झाला त्यात. बाई सासरला गेलीया. आमची शबाना गेली तवा मी त्या खिडकीकडं बघायचंच सोडलं हुतं." नानांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली आणि "पसंत हाय" असं ओरडून सांगितलं. पानवाल्यानं "अभिनंदन" म्हटलं.

दुसरं घर माईआक्कांचं. चार म्हशी, एक पोथी, आणि माळ्यावर सासरी गेलेल्या लेकीची पुस्तकं. माझं भूत त्या माळ्यावरूनच आलं होतं. माईआक्का पोथीशिवाय काही वाचत नसत आणि शनीला फार भीत. नानांनी त्यांना आकाशातल्या ग्रहांचं पुस्तक दिलं. आक्कांनी ते सोवळ्यात वाचलं.

"नाना, शनीला कडी हायत म्हणं," त्या म्हणाल्या. "आणि किती लांब ऱ्हातोय बिचारा! एवढ्या लांबनं तो माझ्या म्हशीचं दूध आटवाय कशाला ईल? मी खुळ्यागत तेल घालत बसलो. पेंडच बदलाय पायजे."

पेंड बदलली. दूध वाढलं. नानांनी त्याचं सगळं श्रेय सोयरिकीला दिलं.

असं सगळं छान चाललेलं असताना मी मदत केली.

उन्हाळ्यातला एक रविवार होता. नाना जिना चढून आले आणि वरच्या पायरीवरच बसले. गुडघा धरला होता. दोन्ही हातांनी तो चोळत म्हणाले, "काय न्हाय, हा लेकाचा जरा रुसलाय." पण त्यांचा घाम बघून माझं नेहमीचं सुरू झालं. आपल्या पुस्तकापायी ह्या म्हाताऱ्या माणसाचा गुडघा झिजतोय! मला तो आठवडा अन्न गोड लागलं नाही. शेवटी मी मोबाइलवर एक ग्रुप काढला. नाव ठेवलं 'सोयरीक'. नाना, युनूसभाई, माईआक्का, मी आणि आमच्या शाळेतली चार मंडळी. पुस्तकाचा फोटो टाकायचा, हवं त्यानं मागायचं, मी शाळेतून येता-जाता पोचवायचं. पसंत असेल तर अंगठा वर, नसेल तर खाली. नानांनी फक्त घरी बसून बघायचं. मी त्यांच्या खोलीवर जाऊन त्यांना सगळं शिकवलं. फार चांगलं काम केल्यासारखं वाटत होतं मला, आणि ही भावना मला इतकी नवी होती की तिच्यावर संशय घ्यायचं सुचलंच नाही.

"बरं केलंस मास्तर," नाना म्हणाले. पानवाल्याला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

सोयरिकी भराभर व्हायला लागल्या. पुस्तकं इकडून तिकडे धावत होती, अंगठे वर होत होते. नाना प्रत्येक अंगठ्याला हात जोडल्याचं चित्र पाठवत. रविवारी आमचं दार कुणी ठोकत नव्हतं. सुनीता मात्र सवयीनं एक कप जास्त चहा टाकायची आणि मग तो दोघांत वाटून देताना माझ्याकडे बघायची.

"मी काय केलं?" मी एका रविवारी विचारलं.

"तुम्ही चांगलंच केलं," ती म्हणाली. "आपलं लग्न मोबाइलवर जमलं असतं तर त्या दिवशी कोण आलं असतं?"

तो दिवस मला ठाऊक होता. लग्नाच्या पहिल्या वर्षी ती रुसून मुरगूडला गेली होती आणि मी, चूक माझीच असणार असं धरून, तिला आणायला जायची हिंमत करत नव्हतो. नाना मला बखोट धरून एसटीत बसवून घेऊन गेले होते.

मी चप्पल घातली आणि नानांच्या खोलीवर गेलो. दार उघडंच होतं. नाना कॉटवर बसले होते. इस्त्रीचं धोतर, जाकीट, टोपी, मांडीवर पुस्तकांची पिशवी, हातात छत्री. पायात वहाणासुद्धा घातलेल्या.

"कुठं निघालाय नाना?"

"कुठं न्हाय. रविवार हाय न्हवं."

मी शेजारी बसलो. त्यांनी खिशातून मोबाइल काढून माझ्यापुढं धरला. पडद्यावर माझाच अंगठा होता, सकाळी पाठवलेला.

"तुजा अंगठा आलाय बग. लई चांगला हाय. पण अंगठ्याला बस म्हणता येत न्हाय लेका. अंगठा चा घेऊन जा म्हणत न्हाय."

एवढंच बोलले, आणि लगेच गुडघ्याला शिव्या द्यायला लागले, जणू विषय गुडघ्याचाच होता.

माझ्यासारख्या माणसाला अशा वेळी घरी जाऊन रडत बसायला आवडलं असतं. पण भुतानं मला थोडं सुधारलं होतं. मी सरळ युनूसभाईंच्या दुकानात गेलो. माईआक्का तिथं उशीला कापूस भरून घ्यायला आल्या होत्या. दोघांना सगळं सांगितलं.

"ग्रुप बंद करून टाक," आक्का म्हणाल्या.

"दया केली म्हणून कळंल त्यांना. मग आपल्या दारात पाय ठेवायचे न्हाईत," युनूसभाई म्हणाले. मग त्यांनी हातातला दोरा दातानं तोडला. "मास्तर, मध्यस्थाला लोक परत कवा बोलवतात?"

मला नानांचंच वाक्य आठवलं. मध्यस्थाचं नाव पत्रिकेत नसतं, भांडणात असतं.

त्याच दुपारी 'सोयरीक' ग्रुपवर भांडणं सुरू झाली. युनूसभाईंनी लिहिलं, "हे नवीन कवितेचं पुस्तक माझ्याशी बोलत न्हाय. सारखं पोटात ठेवतंय. मध्यस्थ कुठाय?" माईआक्कांनी आवाज रेकॉर्ड करून टाकला, पाठीमागं म्हैस ओरडत होती: "नाना, चंद्रावर पाणी न्हाय म्हणतंय हे तुमचं पुस्तक. माझ्या घरात ऱ्हाऊन असलं बोलायचं न्हाय! येऊन समजवा त्येला, न्हायतर म्हायेरी धाडतो." मी लिहिलं, "आमच्याही घरात कुरबूर आहे."

मग नानांचा आवाज आला. मोबाइल कानापासून लांब धरावा लागला.

"नांदायची अक्कल न्हाय एकाला बी! रविवारी येतो. तवर कुणी तोडातोडी करायची न्हाय."

गुडघ्याचा प्रश्न युनूसभाईंनी आपल्या पद्धतीनं सोडवला. गाद्या पोचवायचा त्यांचा टेम्पो रविवारी रिकामाच असतो. त्यात ड्रायव्हरशेजारी नाना, काचेबाहेर छत्री. आणि नाना जिथं जिथं बसतात त्या प्रत्येक घरात युनूसभाईंनी एक जाड, उंच गादी शिवून दिली, म्हणजे बसताउठता गुडघा दुमडायला नको. आमच्या खालच्या मजल्यावर दोन खोल्या रिकाम्या होत्या; घरमालकांना सांगून रविवारची बैठक आणि चहाचा स्टोव्ह आम्ही खालीच आणला. टेम्पोतून उतरून पहिल्यांदा त्या गादीवर बसले तेव्हा नाना म्हणाले, "कोल्हापुरात गादी एकच हाय, छत्रपतींची, असं ऐकून हुतो मी."

आता ते घरोघर जाऊन पुस्तकांना रागावतात. माईआक्कांच्या घरी चंद्राची बाजू घेऊन तासभर वाद घालतात, आणि खरवस खाऊन उठतात. युनूसभाईंच्या दुकानात कविता मोठ्यानं वाचतात. गल्लीत लोकांना वाटतं कुणाची तरी वसुली चाललीय. मधल्या काळात दोन नवी घरं लागली आहेत, आणि दोन्ही घरांत, आश्चर्य बघा, पुस्तकं मुळीच नीट नांदत नाहीत.

गेल्या रविवारी आमची पाळी होती. नानांनी दार ठोकलं. बेल दोन बोटांवर होती, तरी ठोकलं. गादीवर बसले, छत्री आडवी ठेवली आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "मग? भुताचं काय ठरलं? होय का न्हाय? किती दिवस झालं मास्तर, लोक नावं ठेवत्यात."

खरं सांगायचं तर ती कादंबरी मी तीन वेळा वाचली आहे. खोटं बोलताना माझे कान लाल होतात, तेही झाले असणार. पण मी म्हणालो, "अजून मन ठरत नाही नाना."

नानांनी पुस्तक हातात घेतलं. आमच्या लग्नपत्रिकेचं कव्हर कडांना फाटलं होतं, मी चिकटपट्टी लावली होती, ती पण फाटली होती. पानं हाताळून मऊ पडलेली. विहिरीचं प्रकरण आपोआप उघडलं. नाना त्या पानाकडे बघत राहिले. मग कव्हरवरच्या चिकटपट्टीवरून अंगठा फिरवला, अगदी सावकाश, आणि पुस्तक मिटून माझ्या मांडीवर परत ठेवलं.

"व्हय की," ते म्हणाले. आवाज खाली आला होता. "घाई न्हाय. मुरू दे."

मग टोपी सारखी केली, घसा खाकरला आणि कोपऱ्यापर्यंत पोचेल अशा आवाजात ओरडले, "सुनीता पोरी, ह्येचं काय ठरंना! पुढच्या रविवारी परत यावं लागतंय मला. चा टाक!"

आतून सुनीता म्हणाली, "कधीचा टाकलाय नाना."